झाडाने न दिलेलं जांभूळ

“दिलंय का?”

सकाळी झाडाखाली आले की त्यांचा पहिला शब्द हाच. नमस्कार नाही की ‘चहा झाला का’ नाही. चपला बांधाशी काढायच्या, बुंध्याला उजव्या हाताचा पंजा लावायचा, वर पानांत बघायचं, मग खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीकडे बघायचं आणि तिथे जो कोणी असेल त्याला विचारायचं, “दिलंय का?”

म्हणजे झाडाने आज एखादं जांभूळ आपणहून खाली टाकलंय का. टाकलं असेल तर तोडणी सुरू. नसेल तर गोणपाट घालून बसायचं. दहा वाजेपर्यंत एकही पडलं नाही, तर चादर झटकून घडी घालायची आणि घरी जायचं. झाड काळ्याभोर घोसांनी लगडलेलं असलं, तरीही.

मे महिन्यात तुम्ही कधी बदलापूरला कुळगावच्या मागच्या अंगाने, नदीच्या बाजूच्या रस्त्याने गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. चादरीच्या कडेला बसलेला एक उंच, काटकुळा म्हातारा, अंगात इस्त्रीचा फुल शर्ट, खिशाला एक पेन आणि एक स्टीलची छोटी पट्टी. तुम्हाला वाटलं असेल, कुणी जमीन मोजणारा आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

ते फिटर होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात उभी हयात गेली. रिटायर झाल्यावर या जांभळाच्या झाडाची फळं मोसमापुरती मक्त्याने घ्यायला लागले आणि आसपासचे सगळे त्यांना फिटरकाका म्हणायला लागले. ती पट्टी खिशातून गेली नाही. टोपलीत खाली घालायची पानंसुद्धा ते मापात कापत. आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान कारखान्याच्या भाषेत यायचं. “जबरदस्तीने बसवलेला पार्ट आयुष्यभर आवाज करतो,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नं, नोकऱ्या, राजकारण आणि दाताची कवळी, अशा सगळ्या विषयांवर ऐकलं आहे.

‘दिलंय का’ मात्र कारखान्यातलं नव्हतं. ते घरातलं होतं. दर रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायचे, त्यातलं दुसरं शील त्यांनी धरून ठेवलं होतं. न दिलेली वस्तू घेणार नाही. “पाचांतलं हे एक मला बरं जमतं,” म्हणायचे. “बाकीच्या चारांवर काम चालू आहे.”

जमतं म्हणजे किती जमतं, ते सांगते. एकदा रस्त्याकडेची पाण्याची मोठी पाइप फुटली होती. रिक्षावाले रिक्षा धूत होते, पोरं नाचत होती. माझे हात जांभळाने बरबटलेले. मी ते पाण्याखाली धरणार, तोच काका म्हणाले, “गळतंय म्हणजे दिलंय असं नाही.” मग त्यांनी मोबाइल काढला आणि पाइप फुटल्याची तक्रार करायला फोन लावला. तीन वेळा लागला नाही, चौथ्यांदा लागला. सगळा पत्ता नीट सांगून झाल्यावर त्यांनी पिशवीतली बाटली काढून माझ्या हातावर पाणी ओतलं. तोवर माझे हात वाळून टणक झाले होते.

लग्नाच्या पंगतीत जिलबी मागून घ्यायची नाही, हाही नियम. पण जिलबी तर जीव की प्राण. मग काय करायचे, वाढप्याकडे असं बघायचे की तो माघारी वळून दोन टाकून जायचा. मी म्हटलं, “काका, हे चालतं का?”

“बघण्याबद्दल पंचशीलात काही नाही,” ते म्हणाले.

झाडाच्या शेंड्याकडची फळं तोडायची नाहीत. “वरचा मजला भाड्याने दिलाय,” म्हणायचे. भाडेकरू म्हणजे हळद्या, बुलबुल, धनेश आणि अंधार पडल्यावर येणारी वटवाघळं. रात्री जे पडेल ते रात्रीवाल्यांचं, म्हणून चादर उजाडल्यावरच अंथरायची, तीही काका स्वतः अंथरायचे आणि चहाला घरी जाऊन परत यायचे. दुपारी बारानंतर झाडाला हात लावायचा नाही. चढायला त्यांच्याकडे डोंगराकडच्या पाड्यावरचा बुधा ठाकर होता. बुधा काकांपेक्षा हुशार होता असं माझं मत आहे, कारण तो वाट बघायच्या वेळात सरळ झोपून घ्यायचा.

“काका, असा धंदा करून माणूस उपाशी मरेल,” बाजारातले लोक म्हणायचे.

“मेलो का?” काका विचारायचे. खरंच मेले नव्हते, त्यामुळे पुढे कुणाला बोलता यायचं नाही.

आता माझं सांगते. मी सुलभा, राहते अंबरनाथ पूर्वेला. औषधांचं पॅकिंग करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होते. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, आम्ही इथेच राहिलो. नवऱ्याची नोकरी कंत्राटी, मुलगी बारावीला. मी दोन बांगड्या मोडून एक डीप फ्रीजर घेतला आणि फळांचा गर काढून विकायला लागले. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधल्या बायका. त्या गर न्यायच्या आणि डबा परत करायच्या नाहीत.

मग उल्हासनगर कॅम्प चारमधले एक सरबतवाले शेठ भेटले. सिंधी माणूस, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बोलणं हिंदीत सुरू करून मराठीत संपवणारे. त्यांचं नवीन दुकान उघडायचं होतं. “मॅडम, सीझन का पहला जांभूल मेरे दुकान पे लगना चाहिए. गुरुवारी ओपनिंग आहे, बॅनर छापून झालाय. माल बदलापूर का ही मंगता, वो गुलाबी पानी नहीं चलेगा.” हे जमलं तर आधीची दोन आणि हे, अशा तिन्ही दुकानांचा बारा महिन्यांचा गर माझ्याकडून. म्हणजे माझं घर उभं राहणार होतं. नाही जमलं तर फ्रीजर विकायचा आणि कुठेतरी आठ तास उभं राहायची नोकरी शोधायची, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

बाजारात बाहेरगावची जांभळं आली होती, पण बॅनरवर बदलापूर लिहिलं होतं आणि तेवढं खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. इथल्या काहींनी काठीने झोडपून माल उतरवला होता, त्याचा गर फिक्कट आणि जीभ ओढणारा. शेठने नमुना चाखून थुंकला. मग कुणीतरी मला फिटरकाकांचं नाव सांगितलं.

मी रविवारी सकाळी स्कूटी घेऊन पोचले. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि गोणपाटावर जागा केली. “बस,” म्हणाले. “गुरुवार झाडाला सांगून ठेवलेला नाही. पण बघू.”

रविवारी पडलं नाही. सोमवारी पडलं नाही.

त्या सकाळी कशा होत्या, ते मला नीट सांगता येत नाही. पहिला अर्धा तास मी तळमळायचे, मोबाइल बघायचे. मग कधीतरी मोबाइल हातातून मांडीवर यायचा. पानांतून ऊन चादरीवर उतरायचं आणि सरकत सरकत जायचं, आणि त्याच्याबरोबर आपणही कुठेतरी सरकतोय असं वाटायचं. नदीकडून वारा आला की वर सगळे घोस हलायचे, मी श्वास रोखायचे, आणि काही व्हायचं नाही. बुधाचं घोरणं, लांबून एखाद्या बांधकामावरचा ठोकण्याचा आवाज, काकांची बोटं स्टीलच्या पट्टीवर. एकदा मला वाटलं मी माझ्या आजोळच्या पडवीत आहे, आणि दचकून बघितलं तर नऊ वाजले होते. इतकं रिकामं मी लग्नानंतर कधी बसले नव्हते. मला ते आवडत होतं आणि त्याचाच रागही येत होता.

“काका, काळी दिसतायत की वर,” मी सोमवारी म्हटलं.

“काळं होणं वेगळं, पिकणं वेगळं,” ते म्हणाले. “पिकलं की सोडतं. आपण ओढायचं नाही.”

मंगळवारीही पडलं नाही. पण त्या दिवशी जाताना त्यांनी चादरीची घडी माझ्या हातात दिली. “उद्या तू लवकर येतेसच. उजाडलं की अंथर,” म्हणाले. बुधाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “ताई, माला कवा दिली नाय काकांनी ती,” तो म्हणाला. चादर अंथरणं हे केवढं मोठं काम आहे, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

बुधवारी माल मिळाला नाही तर गुरुवारचं ओपनिंग गेलं. शेठचे फोन यायला लागले होते. मंगळवारी संध्याकाळी मी अंबरनाथच्या बाजारात गेले आणि बाहेरगावची पावशेर जांभळं घेतली. घरी त्यातलं सगळ्यात टपोरं, सगळ्यात काळं एक निवडलं आणि डबीत ठेवलं. तुम्ही म्हणाल, बाई, एवढं करायचं तर झाडच झोडपायचं. पण मला झाड झोडपायचं नव्हतं. काकांनी ‘दिलंय’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्यांनी म्हटलं की मग ते खरंच दिलेलं असेल, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. गरज पडली की डोकं कसंही चालतं.

बुधवारी उजाडताना मी चादर अंथरली. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. डबी उघडली आणि ते जांभूळ चादरीच्या मधोमध ठेवलं. मग लांब जाऊन स्कूटीजवळ उभी राहिले, आत्ताच आल्यासारखी. थोड्या वेळाने बुधा आला आणि नेहमीसारखा आडवा झाला.

काका आले. चपला काढल्या, बुंध्याला पंजा लावला, वर बघितलं. मग चादरीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

ते वाकले आणि जांभूळ उचललं. ते उचललं त्या जागेवर चादर पांढरीस्वच्छ होती, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. एवढ्या उंचावरून पिकलेलं जांभूळ पडलं की फुटतं. चादरीवर डाग पडतो. त्यांच्या चादरीवर वर्षानुवर्षांचे फिके जांभळे डाग होते, आणि माझं जांभूळ मात्र अंड्यासारखं अख्खं.

बुधा उठून बसला होता आणि फांदीवर टाकायचा दोर हातात घेऊन वाट बघत होता.

काकांनी ते जांभूळ तोंडात टाकलं. सावकाश खाल्लं. बी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली, पट्टीच्या शेजारी. मग म्हणाले, “बुधा, दोर ठेव. आज एवढंच आहे.”

आणि त्यांनी चादरीची घडी घालायला घेतली. दुसरं टोक माझ्यापुढे धरलं. मी धरलं. आम्ही दोघांनी नीट, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली. ते रागावले नव्हते. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, किंचित जास्त हळुवार म्हणा. मला त्यांनी रागवायला हवं होतं.

परत येताना, रस्त्यात स्कूटी बाजूला घेऊन मी रडले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या सकाळी त्यांनी ‘दिलंय का’ असं विचारलंच नव्हतं. रोज विचारणारा माणूस त्या एका दिवशी गप्प राहिला. विचारलं असतं, तर मी हो म्हणाले असते. खोटं बोलायची ती वेळ त्यांनी माझ्यावर येऊ दिली नाही.

शेठना मी फोनवर खरं सांगितलं. सगळं नाही. एवढंच की झाडाने दिलं नाही, म्हणून माल नाही.

“झाड ने नहीं दिया मतलब?” शेठ म्हणाले. “मॅडम, झाड को बोलो मार्केट का टाइम होता है.” ओपनिंग त्यांनी लिंबू सरबतावर उरकलं. माझं काम गेलं, असं मी धरून चालले. पण शुक्रवारी सकाळी त्यांचाच फोन आला. “कौनसा झाड है जो टाइम पे काम नहीं करता? मला बघायचंय.”

ते आले, पांढऱ्या कुर्त्या-पायजम्यात. काकांनी त्यांनाही गोणपाटावर जागा करून दिली आणि बसायला सांगितलं. पहिला अर्धा तास शेठ फोनवर माणसांना झापत होते. मग आवाज उतरला. मग फोन खिशात गेला. मग मी बघितलं, तर ते मान वर करून, तोंड थोडं उघडं ठेवून, पानांकडे बघत होते. तिघं जण आणि झोपलेला बुधा. ऊन सरकत होतं. किती वेळ गेला ते मला माहीत नाही.

टप् असा आवाज झाला. शेठच्या खांद्यावर. पांढऱ्या कुर्त्यावरून जांभळा ओघळ खिशापर्यंत आला.

“दिलंय,” काका म्हणाले आणि हात जोडले. बुधा तोवर अर्ध्या बुंध्यावर चढला होता.

शेठ खांद्याकडे बघत राहिले. “ये निकलेगा क्या?”

“नाही,” काका म्हणाले.

शेठनी त्या डागाला बोट लावलं, बोट चाटलं, आणि डोळे मिटून हळूच झूलेलालचं नाव घेतलं. एवढं गोड असतं हे, असं त्यांनी नंतर मला तीन वेळा सांगितलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. त्या दिवशीचा गर शाईसारखा गडद उतरला. बॅनरवरच्या तारखेवर कागद चिकटवून शेठनी तो पुढच्या गुरुवारी लावला. आजही कॅम्प चारमधल्या त्यांच्या दुकानात मोसमात एक पाटी असते, तिच्यावर खडूने लिहिलेलं असतं, ‘आज दिया है’ किंवा ‘आज नहीं दिया’. गिऱ्हाइकं चेष्टा करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. फ्रीजर विकावा लागला नाही. आता दोन आहेत.

त्यानंतर चार मोसम मी काकांच्या झाडाखाली बसले. चादर अंथरायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं नाही. रोज उजाडताना ती अंथरताना मला वाटायचं, आज सांगून टाकू. त्यांना कळलंय हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना कळलं होतं, पण बोलून मोकळं होणं वेगळं. एकदा धीर करून सुरुवातही केली. “काका, त्या पहिल्या वर्षी, बुधवारी...”

“वर बघ,” ते म्हणाले. “हळद्या आलाय.”

खरंच आला होता. पिवळाधमक. तो उडून जाईपर्यंत आम्ही बघत राहिलो आणि मग माझ्याने बोलवलं नाही.

या वर्षी थंडी संपता संपता ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी पुण्यानुमोदनाला गेले. सगळं आटोपल्यावर त्यांची सून मला म्हणाली, “ताई, जरा मागे येता का? तुमचं एक द्यायचंय.”

घरामागच्या चिंचोळ्या जागेत रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडले होते आणि प्रत्येकात जांभळाचं रोप. प्रत्येक डब्याला तारेने एक पत्र्याची पट्टी बांधलेली. पट्टीवर अक्षरं छिन्नीने ठोकलेली, फिटरच्या हाताची, एका मापाची. ‘विहार, अंगण.’ ‘बुधा, पहिलं फळ.’ ‘शेठचा खांदा.’

“बाबा जांभळाची बी कधी टाकायचे नाहीत,” सून म्हणाली. “कुणी खायला दिलं की रुजवायचे. ज्याचं त्याचं नाव ठोकून ठेवायचे. हे तुमचं.”

शेवटच्या डब्यातलं रोप माझ्या छातीपर्यंत आलं होतं. पट्टी खालच्या बाजूला होती. मी गुडघ्यांवर बसले आणि ती पुसली.

‘सुलभा. बुधवार. दिलं.’

मी तिथेच बसून राहिले. चार वर्षं मी धरून चालले होते की त्यांनी मला माफ केलंय, पोटात घातलंय. त्यांनी तसं काहीच केलं नव्हतं. झाडाने दिलं नाही, पण या बाईने तर दिलं ना, असं म्हणून त्यांनी ते सरळ खाल्लं होतं, आणि बी मातीत लावून त्याला पाणी घातलं होतं. सून घाबरून पाणी घेऊन आली. मी तिला म्हटलं, काही नाही, आठवण आली.

रोप आता आमच्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात आहे. लावण्याआधी मी सेक्रेटरींकडून लेखी परवानगी घेतली. ते म्हणाले, “अहो मॅडम, एका झाडाला कशाला कागद?” मी म्हटलं, असू द्या. पट्टी खोडाला बांधली नाही, खोड वाढेल तशी तार रुतते, म्हणून शेजारी खुंटी ठोकून तिला लावली आहे. सकाळी पाणी घालायला गेले की मी बुंध्याला पंजा लावते. बुंधा म्हणजे काय, अजून दोन बोटांचा आहे. फळ धरायला आणखी पाच-सहा वर्षं लागतील, असं बुधा म्हणतो.

चादर माझ्या कपाटात आहे. निघताना त्यांच्या सुनेने ती घडी घालून माझ्या हातात ठेवली. मी मागितली नव्हती.